परदेश सहलीचा पहिला दिवस नेमका कोठून सुरू होतो?

नांदेड/लातूर (प्रतिनिधी) : सहल कंपन्यांच्या रंगीत माहितीपत्रकात 'दिवस पहिला' या शीर्षकाखाली साधारणतः चार ओळी असतात. झुरिच विमानतळावर आगमन, ऱ्हाईन धबधब्याचे दर्शन, शहराचा फेरफटका, हॉटेलमध्ये मुक्काम. वाचताना हा दिवस अगदी सुटसुटीत वाटतो. परंतु नांदेड किंवा लातूरहून निघणाऱ्या प्रवाशाचा पहिला दिवस झुरिचला सुरू होत नाही. तो आदल्या दिवशी पहाटे, गजर वाजतो तेथून सुरू होतो. माहितीपत्रकातील पहिला दिवस आणि प्रवाशाच्या शरीराने मोजलेला पहिला दिवस यांच्यात तब्बल एका दिवसाहून अधिक अंतर पडते. पहिल्याच दिवशी आजारी पडणे, चिडचिड होणे, सामान हरवणे किंवा बसमध्ये बसून केवळ डुलक्या काढणे या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या अंतरात असते.

गट करून सहलीस जाण्याची पद्धत नवी नाही. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी इंग्लंडमधील लेस्टर ते लाफबरो अशी आगगाडीची सहल एक शिलिंग भाड्यात काढली आणि संघटित पर्यटनाचा पाया घातला. महाराष्ट्रात १९८४ साली केसरी टूर्सची आणि २०१३ साली वीणा वर्ल्डची स्थापना झाली. मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक, सोबतीला आपली माणसे आणि जेवणात वरणभात या भरवशावर मध्यमवर्गीय कुटुंबे परदेशी जाऊ लागली. ही लाट पुण्या-मुंबईपुरती राहिली नाही. मराठवाड्यातील निवृत्त शिक्षक, व्यापारी, डॉक्टर आणि बँक कर्मचारीही आता नाताळच्या सुमारास युरोपची वाट धरतात. मात्र सहलींची आखणी होते ती मुंबईच्या विमानतळापासून. त्यापूर्वीचा सहाशे किलोमीटरचा प्रवास प्रवाशाच्या खात्यावर जमा होतो.

सेहेचाळीस तासांचा दिवस

एक उदाहरण घेऊ. समजा, नांदेडचे एक निवृत्त दांपत्य डिसेंबरच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सहलीस निघाले आहे. मुंबई-जालना वंदे भारत एक्सप्रेस ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. ही गाडी पहाटे पाचच्या सुमारास नांदेडहून निघते आणि दुपारी अडीचच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. पाचची गाडी गाठायची तर साडेतीनला उठणे आले. युरोपकडे जाणारी बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. या दांपत्याचे विमान रात्री एक वाजता आहे असे धरू. गटाने रात्री नऊला विमानतळावर जमायचे आहे.

विमानाचा थेट प्रवास सुमारे नऊ तासांचा. म्हणजे भारतीय वेळेनुसार ते सकाळी दहाला उतरेल. हिवाळ्यात स्वित्झर्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. उन्हाळ्यात हा फरक साडेतीन तासांचा होतो. त्यामुळे झुरिचला उतरताना तेथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील. डिसेंबरअखेर तेथे सूर्य उगवतो सकाळी सव्वाआठच्या सुमारास. हॉटेलची खोली सामान्यतः दुपारी तीननंतर मिळते. तीन वाजता खोलीत पाऊल टाकले तरी भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि नांदेडला अंथरूण सोडल्याला चाळीस तास उलटलेले असतात. रात्रीचे जेवण उरकून नऊला पाठ टेकली, तर हा हिशेब सेहेचाळीस तासांवर जातो. माहितीपत्रकातील 'दिवस पहिला' त्यातील जेमतेम साडेपंधरा तासांचा असतो. मधल्या काळात मिळते ती गाडीतील डुलकी आणि विमानातील तीन-चार तासांची अवघडलेली झोप.

लातूरकरांचे गणित थोडे निराळे आहे. लातूर-मुंबई एक्सप्रेस रात्री सुटते व सकाळी मुंबईत पोहोचते. बर्थवर झोप मिळते, पण त्यानंतर मध्यरात्रीच्या विमानापर्यंत अख्खा दिवस हाताशी उरतो. हा दिवस नातेवाइकांच्या भेटीगाठींत किंवा खरेदीत घालविला, तर रात्री विमानतळावर पोहोचणारा प्रवासी आधीच थकलेला असतो. तोच दिवस विमानतळाजवळ एखादी खोली घेऊन, जेवून आणि दुपारी दोन-तीन तास झोपून काढला, तर लातूरचा प्रवासी नांदेडच्या प्रवाशापेक्षा ताजातवाना झुरिचला उतरेल. नांदेडकरांनाही संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत पोहोचणाऱ्या देवगिरी एक्सप्रेसने हाच मार्ग खुला आहे. वेगवान गाडी ही प्रत्येक वेळी सोयीची गाडी असतेच असे नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

हैदराबाद हा दुसरा पर्याय. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांपासून हैदराबाद रस्त्याने मुंबईच्या तुलनेत बरेच जवळ आहे. परंतु सहलीचा गट मुंबईहून निघणार असेल, तर हैदराबादहून स्वतंत्र विमानाने परदेशात गटाला मिळता येईल काय, विमानतळावर घ्यायला कोण येईल आणि भाड्यातील फरक किती, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे लागते.

तारखेची गफलत

पहिल्या दिवसाचा सर्वांत मोठा धोका थकव्याचा नसून तारखेचा आहे. तिकिटावर '२४ डिसेंबर, ००.५०' असे छापलेले असते. सवयीने वाचणारा माणूस २४ तारखेच्या रात्री विमानतळावर जाण्याची तयारी करतो. प्रत्यक्षात ते विमान २३ तारखेच्या रात्री बारा वाजून गेल्यावर पन्नास मिनिटांनी उडालेले असते. रेल्वेचे आरक्षणही त्याच समजुतीने काढले गेले असेल, तर सारी सहलच हातची जाते. मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी 'आदल्या तारखेस रात्री नऊला विमानतळावर' असे मोठ्या अक्षरांत लिहून घरातील दिनदर्शिकेवर चिकटविणे हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

गाडीला उशीर झाल्यास काय, हा पुढचा प्रश्न. गटाचे तिकीट सामान्यतः एकत्रित आणि सवलतीच्या दरातील असते. ते ऐनवेळी बदलून मिळणे कठीण असते. जाण्याच्या विमानात प्रवासी बसलाच नाही, तर परतीचे तिकीटही बहुधा रद्द होते. सहल कंपनीची जबाबदारी करारानुसार विमानतळावरील एकत्र येण्याच्या ठिकाणापासून सुरू होते. तेथवर पोहोचण्याची जबाबदारी प्रवाशाची. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे. मात्र रेल्वे उशिरा आल्याने विमान चुकल्यास त्या विम्यातून भरपाई मिळेलच असे नाही. दिल्लीहून निघणाऱ्या गटात सामील होणाऱ्यांनी तर डिसेंबर-जानेवारीतील उत्तर भारताच्या धुक्याचा विचार करून एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. दोघांच्या एका रात्रीच्या खोलीचा खर्च सहलीच्या एकूण खर्चापुढे नगण्य असतो.

उतरल्यावर पहिले तीन तास

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी डिसेंबर २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. या क्षेत्राच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत सुरू करण्यात आली. तीत पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बाहेरील देशांच्या प्रवाशांचे छायाचित्र व बोटांचे ठसे संगणकात नोंदविले जातात. व्हिसासाठी ठसे दिलेले असले तरी सीमेवर तपासणी होतेच. चाळीस जणांच्या गटाला या रांगेत वेळ लागणार हे गृहीत धरावे. पासपोर्ट, परतीचे तिकीट, हॉटेलचा पत्ता आणि विम्याचा कागद हातातील पिशवीत असावा. पती-पत्नींनी आपापली कागदपत्रे स्वतःजवळ ठेवावीत, कारण खिडकीवर प्रत्येकाला स्वतंत्रपणे उभे राहावे लागते.

खाद्यपदार्थांबाबतही येथे अडचण येऊ शकते. युरोपीय संघाबाहेरील देशांतून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून नेण्यास तेथे बंदी आहे. स्वित्झर्लंडचे नियमही तसेच आहेत. पेढे, बर्फी, खवा आणि साजूक तुपाची बरणी घरीच ठेवावी. ताज्या भाज्या आणि बहुतेक ताज्या फळांवरही निर्बंध आहेत, त्यामुळे हिरव्या मिरच्या आणि कढीपत्त्याची जुडीही नको. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, भाजलेले दाणे यांची पाकिटे मात्र पहिल्या पहाटे मोठा आधार देतात. पातळ लोणचे हातातील पिशवीत ठेवल्यास ते मुंबईतच सुरक्षा तपासणीत अडते, कारण शंभर मिलिलिटरहून मोठ्या डब्यातील द्रव पदार्थ विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाहीत. मोबाइलची पॉवर बँक याच्या उलट. ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातील पिशवीतच न्यावी लागते.

विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच थंडी जाणवते. नांदेड-लातुरात डिसेंबरात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरला की आपण शेकोट्या पेटवितो. दुपारी मात्र ऊन कडक असते. झुरिचला त्या दिवसांत दुपारीही पारा पाच अंशांच्या आसपास घुटमळतो आणि रात्री शून्याखाली जातो. एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर उपयोगी पडतात. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडविणारे जाकीट. बस आणि हॉटेले आतून गरम असतात, तेव्हा वरचे दोन थर काढता येतात. सुती बनियन घामाने ओला होतो आणि ओला राहून अंग गारठवितो. कानटोपी, हातमोजे आणि लोकरीचे पायमोजे मोठ्या बॅगेत तळाशी गेले, तर ते पहिल्या दिवशी हाती लागत नाहीत. ते हातातील पिशवीतच हवेत.

बसचालकाचे घड्याळ

सहल व्यवस्थापक पहिल्या दिवशी सारखे घड्याळ दाखवितो, त्याचा अनेकांना राग येतो. यामागे त्याचा स्वभाव नसून कायदा आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार बसचालकाला दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक गाडी चालविता येत नाही. आठवड्यातून केवळ दोनदा दहा तासांची मुभा असते. साडेचार तास चालविल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते. चोवीस तासांत सामान्यतः सलग अकरा तास आराम द्यावा लागतो. स्वित्झर्लंडचे नियमही याच धर्तीवर आहेत. गाडीतील यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते आणि नियम मोडल्यास दंड होतो. म्हणून गटातील एका कुटुंबाने दुकानात वीस मिनिटे जास्त घेतली, तर त्याची किंमत सर्वांना कार्यक्रमातील एखादे ठिकाण गाळून मोजावी लागू शकते. चाळीस माणसांनी प्रत्येकी अर्धा मिनिट उशीर केला तरी वीस मिनिटे होतात.

पहिल्याच दिवशी स्थळदर्शन का ठेवतात, याचेही उत्तर या घड्याळात आहे. पहाटे उतरलेल्या गटाला खोली हवी असेल, तर आदल्या रात्रीचे भाडे भरावे लागते. ते टाळण्यासाठी मधले आठ-नऊ तास बसमध्ये आणि रस्त्यावर काढले जातात. कंपनीच्या हिशेबात हा एका रात्रीचा वाचलेला खर्च असतो आणि त्यामुळे सहलीची किंमत कमी ठेवता येते. यात फसवणूक नाही. मात्र आपण कशाच्या बदल्यात किती पैसे वाचवीत आहोत, हे प्रवाशाला ठाऊक असले पाहिजे.

हिवाळ्यात जे दिसते ते

झुरिचपासून उत्तरेस तासाभराच्या आत शाफहाउझेनजवळ ऱ्हाईन नदीचा धबधबा आहे. सुमारे १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच. युरोपातील मोठ्या धबधब्यांत त्याची गणना होते. उन्हाळ्यात आल्प्समधील बर्फ वितळते तेव्हा नदी भरून वाहते. हिवाळ्यात तेच पाणी डोंगरावर गोठलेले असल्याने ओघ बराच कमी होतो. माहितीपत्रकातील छायाचित्र बहुधा जून-जुलैतील असते. डिसेंबरात जाणाऱ्याला पाणी कमी दिसेल, पण गर्दीही कमी दिसेल.

झुरिच शहरात लिमाट नदीच्या काठावर सेंट पीटर चर्चचा मनोरा आहे. त्यावरील घड्याळाच्या तबकडीचा व्यास ८.७ मीटर आहे आणि चर्चवरील घड्याळांत ती युरोपातील सर्वांत मोठी मानली जाते. पहिल्या दुपारी या घड्याळाखाली उभे राहून आपल्या हातातील घड्याळ जुळवून घ्यावे. कारण त्या दिवशी उजेड फार थोडा वेळ मिळतो. डिसेंबरअखेर झुरिचला सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. नांदेडला त्या दिवसांत जवळजवळ अकरा तास दिवस असतो, झुरिचला साडेआठ तासही कसाबसा. म्हणून हिवाळी सहलीच्या पहिल्या दिवशी जे पाहायचे ते अकरा ते साडेतीन या वेळात पाहून घ्यावे.

हा उजेड केवळ छायाचित्रांसाठी नाही. शरीराचे आतले घड्याळ प्रकाशावर चालते. पश्चिमेकडे जाताना ते दिवसाला साधारण एक ते दीड तास मागे सरकते, म्हणजे साडेचार तासांचा फरक भरून निघायला तीन-चार दिवस लागतात. पहिल्या रात्री अडीच वाजता टक्क जाग येते, कारण शरीराच्या हिशेबाने सकाळचे सात वाजलेले असतात. घाबरून झोपेची गोळी घेण्याचे कारण नाही. दिवा न लावता, मोबाइल न पाहता पडून राहावे. पहिल्या दुपारी बसमध्ये दोन-दोन तास झोपल्यास मात्र रात्रीची झोप आणखी बिघडते. मोकळ्या हवेत, उजेडात चालणे हे त्यावरचे बिनखर्चाचे औषध आहे.

ज्येष्ठांसाठी विशेष

ज्येष्ठ प्रवाशांसाठी हा विषय प्रकृतीचा आहे. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेचार तासांनी लांबतो. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच्या मात्रा कोणत्या वेळी घ्यायच्या, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्शुलिन सामानकक्षातील बॅगेत ठेवू नये. तेथे ते गोठण्याची भीती असते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या नावासह जवळ असावी. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चालावे आणि पाणी पीत राहावे. सलग बसून राहिल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

याचा हिशेब दुसऱ्या दिवशी चुकता होतो. स्वित्झर्लंडच्या बहुतेक सहलींत युंगफ्राउयोख असते. १९१२ साली सुरू झालेली रेल्वे प्रवाशांना ३ हजार ४५४ मीटर उंचीवर नेते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी मिळतो. निरोगी माणसालाही तेथे धाप लागते. आदल्या दिवशी शेहेचाळीस तास जवळपास जागून, अर्धपोटी आणि कमी पाणी पिऊन तेथे पोहोचणाऱ्या सत्तरीतील माणसाची अवस्था काय होईल, हे सांगण्यास डॉक्टर नको. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी हे ठिकाण कार्यक्रमात कितव्या दिवशी आहे, ते सर्वप्रथम पाहावे. ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी असलेली सहल त्यांच्यासाठी अधिक योग्य.

पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

आरक्षण करताना सवलत किती, हा प्रश्न सर्वच विचारतात. त्याबरोबर आणखी पाच प्रश्न विचारावेत. विमानतळावर कोणत्या तारखेस, किती वाजता हजर राहायचे? विमान थेट आहे की मध्ये बदलायचे आहे? पहिल्या दिवशी हॉटेलची खोली किती वाजता मिळेल आणि जादा पैसे भरून लवकर मिळेल काय? पहिले गरम जेवण केव्हा? एखाद्याला स्थळदर्शन टाळून थेट हॉटेलात जायचे असल्यास व्यवस्था काय? या प्रश्नांची उत्तरे ई-मेलने किंवा पत्राने घ्यावीत. तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही. सेवेत त्रुटी राहिल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते; त्यासाठी मुंबईस खेटे घालावे लागत नाहीत. परंतु तेथेही लेखी पुरावाच उपयोगी पडतो.

नांदेडला लांबच्या प्रवासाने थकून येणाऱ्या माणसांची सवय आहे. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने दीड दिवसाचा प्रवास करून हजारो भाविक हुजूर साहिबला येतात. स्थानकावर उतरल्यावर ते आधी यात्री निवासात सामान टाकतात, स्नान करतात, लंगरमध्ये दोन घास खातात आणि मग शांत मनाने दर्शनाला जातात. पंढरीला पोहोचलेला वारकरीही आधी चंद्रभागेत उतरतो. आधी विसावा आणि मग दर्शन, हा क्रम आपल्या यात्रांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. परदेशाच्या सहलीत खोली दुपारी तीनला मिळत असल्याने तो क्रम उलटा होतो. कार्यक्रम आपल्या हाती नसतो, पण विसावा मुंबईत आधीच घेऊन ठेवणे आपल्या हाती असते. नांदेड-लातूरच्या प्रवाशाने एक दिवस आधी निघावे, मुंबईत एक झोप काढावी आणि मगच विमानात बसावे. आयुष्यभराच्या बचतीतून केलेल्या सहलीचा पहिला दिवस मग उघड्या डोळ्यांनी पाहता येईल.